घरची शाळा आणि दूरचा शिक्षक

मुलांना शाळेंत न पाठवितां घरींच शिकवावें, असा निश्चय करणारीं कुटुंबें आपल्याकडे अजून थोडीं आहेत. परंतु कुटुंबें थोडीं म्हणून त्यांचा प्रश्नहि थोडा, असें म्हणतां येत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचें एक दांपत्य आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घरीं शिकविण्याचा बेत घेऊन त्याच्याकडे आलें. प्राध्यापकाकडे मागितल्यावर यादीवांचून दुसरें काय मिळणार? गणिताच्या चित्रफिती आंतरजालावर कोठें आहेत, विज्ञानाचे सोपे प्रयोग कोठें पाहावे, जुनीं पुस्तकें विनामूल्य कोठें वाचावयास मिळतात, शालेय पाठ्यपुस्तकें कोठून उतरवून घ्यावीं, हें सर्व त्यानें व्यवस्थित लिहून दिलें. सहा महिन्यांनीं मुलीची आई एकटीच परत आली. यादीविषयीं तिची तक्रार नव्हती. तशा आणखी चार याद्या तिच्या संग्रहीं होत्या. तिनें पिशवींतून मुलीच्या तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि ती म्हणाली, “सर, शिकवतों आम्हीच आणि तपासतोंहि आम्हीच. या वह्या दुसऱ्या कुणी एकदां वाचाव्या, एवढंच हवं होतं.”

इतिहासाच्या अध्यापकाला कोणतीहि नवीन अडचण दिसली कीं तिचे पूर्वज शोधून काढण्याची खोड असते. त्या खोडीला अनुसरून गृहशिक्षणाचा गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांचा वृत्तांत पुन्हां एकदां चाळून पाहिला. तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या बाईनें जें मागितलें, तेंच निरनिराळ्या देशांतील मातापित्यांनीं पूर्वींहि मागितलेलें आहे. पुस्तकांची सोय करून देणाऱ्या योजना पुष्कळ निघाल्या. परंतु ज्यांनीं कुटुंबांना खरा आधार दिला, त्यांनीं पुस्तकांबरोबर, दुरून कां होईना, मुलाच्या वहीला उत्तर देणारें माणूसहि दिलें. तोच वृत्तांत येथें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्या घरापासून करणें योग्य होईल. कारण ‘घरीं शिकणें’ या शब्दांना महाराष्ट्रांत एक जुना आणि बराचसा कडवट अर्थ आहे. जोतीराव फुले यांनीं सावित्रीबाईंना घरीं शिकविलें, आणि इ. स. १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा निघाली तेव्हां त्याच सावित्रीबाई तेथें शिक्षिका झाल्या. गोपाळराव जोशी यांनीं आनंदीबाईंना घरीं अक्षरओळख करून दिली; त्याच आनंदीबाईंनीं इ. स. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली. इ. स. १८७३ मध्यें विवाह होऊन रानड्यांच्या घरीं आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्तींनीं स्वतः शिकविण्यास सुरुवात केली, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं किती सोसला, हें त्यांच्या आठवणींमुळें सर्वांस ठाऊक आहे. या तिघीजणी घरीं शिकल्या, पण घराची निवड त्यांनीं केलेली नव्हती; शाळेचा दरवाजा त्यांच्यासारख्यांना बंद होता किंवा तेथवर जाण्याची वाट मोकळी नव्हती, म्हणून त्या घरीं शिकल्या.

त्यानंतरच्या आपल्या सुधारकांचे श्रम झाले ते मुलाला घरांतून शाळेंत आणण्यासाठीं. सयाजीराव गायकवाड यांनीं इ. स. १९०६ मध्यें बडोदें संस्थानांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. नामदार गोखले यांनीं १९११ मध्यें वरिष्ठ कायदे मंडळांत सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक मांडलें; तें संमत झालें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें करवीर संस्थानांत मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा केंद्राचा कायदा २००९ मध्यें झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. शंभर वर्षें शाळेची वाट मोकळी करण्यांत गेल्यावर आतां कोणी ‘आम्ही घरींच शिकवितों’ असें म्हणूं लागला, तर ऐकणाऱ्याच्या भुंवया वर जाव्या यांत नवल नाहीं. लेखकाच्याहि गेल्या होत्या. मात्र शाळा समोर असतांना विचारपूर्वक घर निवडणारे पालक इतरत्र झाले आहेत, आणि त्यांना आधार कसा मिळाला हें पाहिल्यावांचून निवाडा करणें न्यायाचें होणार नाहीं.

अशा पालकांना पद्धतशीर साहाय्य देण्याचा एक लक्षणीय उद्योग इंग्लंडांत झाला. इ. स. १८७० च्या कायद्यानें तेथें प्राथमिक शाळांचें जाळें पसरूं लागलें. परंतु वरच्या मध्यमवर्गांत लहान मुलांना आईनें किंवा पगारी घरशिक्षिकेनें शिकवावें ही रीत होती. ह्या आयांना शिकवावें कसें हें कोणीं शिकविलें नव्हतें, आणि घरशिक्षिकांपैकीं बहुतेकींची स्थितीहि तीच होती. शार्लट मेसन (१८४२–१९२३) ही शाळेंत व अध्यापक-विद्यालयांत काम केलेली शिक्षिका. तिनें १८८५-८६ च्या हिवाळ्यांत ब्रॅडफर्ड येथें मातांसाठीं व्याख्यानें दिलीं. तीं १८८६ मध्यें ‘होम एज्युकेशन’ या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं. पुढच्याच वर्षीं पालकांचा एक संघ स्थापन झाला, १८९० मध्यें त्याचें मासिक सुरू झालें, १८९१ मध्यें पत्रद्वारा चालणारी शाळा निघाली, आणि १८९२ च्या जानेवारींत अँबलसाइड या सरोवराकांठच्या गांवीं घरशिक्षिकांना तयार करणारें विद्यालय उघडलें.

या पत्रशाळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सत्राच्या आरंभीं कुटुंबाकडे अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि पुस्तकांची नांवें जात. पुस्तकें निवडक, पण चांगल्या लेखकांनीं मनापासून लिहिलेलीं असावीं, असा मेसनबाईंचा कटाक्ष असे. मुलानें उतारा एकदांच लक्षपूर्वक वाचावा किंवा ऐकावा आणि लगेच तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, ही त्यांची मुख्य पद्धत. सत्र संपलें कीं प्रश्नपत्रिका येई. मुलांचीं उत्तरें टपालानें अँबलसाइडला जात आणि तेथून अभिप्रायासह परत येत. खेड्यांत किंवा समुद्रापार साम्राज्याच्या एखाद्या ठाण्यावर राहणाऱ्या आईला आपण नीट शिकवितों आहों कीं नाहीं हें वर्षांतून दोन-तीन वेळां तरी कळे. मासिकामुळें एका आईची अडचण दुसरीला समजे. याद्या करणारे त्या काळींहि पुष्कळ असतील. परंतु यादी, परीक्षक, शिक्षिका आणि सोबत या चारहि गोष्टी एकाच ठिकाणाहून मिळाव्या, हें मेसनबाईंचें कर्तृत्व.

या उद्योगाला मर्यादा होती ती पैशाची. घरशिक्षिका ठेवणें कांहीं गिरणीकामगाराला परवडत नव्हतें. तथापि १९१४ मध्यें यॉर्कशरमधील खाणकामगारांच्या एका गांवीं, तेथील साध्या प्राथमिक शाळेंत, हाच अभ्यासक्रम लावून पाहण्यांत आला आणि मग तो इतर सरकारी शाळांतहि गेला. घरासाठीं निघालेली पद्धत अशा रीतीनें शाळेच्या कामीं आली. घर आणि शाळा हीं दोन वैरी राष्ट्रें आहेत असें समजून वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट शाळेनें हेंच काम निराळ्या थाटानें केलें. तिचा मुख्याध्यापक व्हर्जिल हिलियर यानें १९०६ च्या सुमारास घरीं शिकणाऱ्या मुलांसाठीं शाळेचा सबंध वर्षाचा अभ्यास पेटींत भरून टपालानें पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. पेटींत पुस्तकें, कागद, पेन्सिली तर असतच. पण तिच्यांतील खरी मोलाची वस्तु म्हणजे आईसाठीं लिहिलेली पुस्तिका. आज कोणता धडा घ्यावा, काय विचारावें, मूल अडलें तर काय करावें, हें तींत दिवसवार सांगितलेलें असे. ज्यांना हवें असेल त्यांना, जादा शुल्क भरून, मुलाचें काम शाळेंतील शिक्षकाकडून तपासून घेतां येई. परदेशांत नेमणुकीवर असलेले अधिकारी आणि धर्मोपदेशक यांच्या घरीं या पेट्या जात. शाळा टपालाच्या पेटींत मावते, पण शिक्षक मावत नाहीं, हें त्या व्यवहारी अमेरिकनांनींहि ओळखलें होतें.

दूरत्वाची खरी कसोटी मात्र ऑस्ट्रेलियांत लागली. तेथें अंतर्भागांतील एका गुरांच्या वाडीपासून दुसरी वाडी शेंकडों मैलांवर; शाळा काढावी तर मुलें कोठून आणणार? १९१४ मध्यें व्हिक्टोरिया प्रांतांत, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलांना टपालानें धडे पाठविण्यास आरंभ झाला, आणि इतर प्रांतांनीं ती वाट धरली. या धड्यांना उत्तर येई, पण कित्येक आठवड्यांनीं. पुढें १९२८ मध्यें जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें विमानांतून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. तिला हांक मारतां यावी म्हणून आल्फ्रेड ट्रेगर यानें पायानें फिरवून वीज निर्माण करणारें बिनतारी यंत्र बनविलें. दुखण्याखुपण्याची वार्ता नेणारें हें यंत्र मुलांच्या उपयोगीं कां पडूं नये, हा विचार ॲडलेड मिथ्के या अनुभवी शिक्षणाधिकारी बाईच्या मनांत आला. एकाकी वाड्यांवरील मुलें इतर मुलांच्या सहवासाला पारखीं झाल्यामुळें किती बुजरीं होतात, हें तिनें पाहिलें होतें. ८ जून १९५१ रोजीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें ‘आकाशशाळा’ विधिपूर्वक उघडण्यांत आली.

त्या शाळेचे लेखी धडे पूर्वींप्रमाणें टपालानेंच येत. बिनतारी यंत्रानें नवी भर घातली ती दोन गोष्टींची: मुलाला शिक्षकाचा आवाज ऐकूं आला, आणि दूरच्या वाडीवरील दुसऱ्या मुलाचा आवाज ऐकूं आला. आज त्या शाळेचें क्षेत्र सुमारें तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे. बिनतारी यंत्राची जागा उपग्रहानें व आंतरजालानें घेतली. तरीहि मुलाजवळ घरीं एक मोठें माणूस बसलेलें असतें, शिक्षक त्याच्याशीं नेमानें बोलतात, आणि वर्षांतून कांहीं दिवस मुलें गांवीं एकत्र जमतात. ज्यांच्याजवळ सर्वांत आधुनिक साधनें आहेत, त्यांनींच भेटीगांठी सोडलेल्या नाहींत.

येथवर सांगितलेलीं कुटुंबें अंतरामुळें किंवा रिवाजामुळें घरीं शिकवीत होतीं. शाळा हांकेच्या अंतरावर असतां ती नको म्हणणारे पालक अमेरिकेंत १९७० नंतर पुढें आले. त्यांच्या एका प्रवाहाचा पुरस्कर्ता जॉन होल्ट (१९२३–१९८५) हा स्वतः शाळाशिक्षक होता. १९६४ मध्यें त्याचें ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ हें पुस्तक निघालें तेव्हां शाळा सुधारेल अशी त्याला आशा होती. ती मावळल्यावर त्यानें ऑगस्ट १९७७ मध्यें बोस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हें वार्तापत्र काढलें. त्याचा मोठा भाग वाचकांच्या पत्रांनींच भरलेला असे, आणि ज्यांची हरकत नसे अशा कुटुंबांचे पत्ते त्यांत छापले जात. ज्या काळांत अनेक संस्थानांतील कायदा या पालकांना प्रतिकूल किंवा निदान संदिग्ध होता, त्या काळांत आपल्यासारखें आणखी एक कुटुंब पन्नास मैलांवर आहे, हें कळणें हाच मोठा दिलासा होता. दुसरा प्रवाह धर्मनिष्ठ कुटुंबांचा. त्याचे हेतु होल्टच्या हेतूंहून पुष्कळ निराळे होते. दोहोंच्या खटपटीनें १९९३ पर्यंत पन्नासहि संस्थानांत गृहशिक्षण कायदेशीर ठरलें. इंग्लंडांत १९४४ च्या कायद्यानेंच मुलाचें शिक्षण शाळेंत ‘किंवा अन्य प्रकारें’ करण्याची मुभा ठेवली होती. त्या ‘अन्य’ शब्दावरून तेथील गृहशिक्षकांच्या एका संघटनेनें आपलें नांवहि घेतलें.

होल्टचें वार्तापत्र त्याच्या मागेंहि चालून २००१ मध्यें बंद झालें. त्याच वर्षीं जानेवारींत विकिपीडिया सुरू झाला आणि एप्रिलांत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान-संस्थेनें आपले अभ्यासक्रम आंतरजालावर विनामूल्य खुले करण्याचा संकल्प जाहीर केला. मायकेल हार्ट यानें १९७१ मध्यें आरंभिलेल्या गुटेनबर्ग प्रकल्पांतून जुन्या ग्रंथांचा सांठा वाढत होताच. एका पिढीच्या आंत साधनांचें दुर्भिक्ष संपलें. अँबलसाइडहून पुस्तकांच्या नांवांचा कागद कधीं येतो म्हणून टपालवाल्याची वाट पाहणाऱ्या आईला हें ऐश्वर्य स्वप्नवत् वाटलें असतें.

या ऐश्वर्यांत काय हरवलें, हें खान ॲकॅडमीच्या जन्मकथेवरून कळतें. २००४ मध्यें बोस्टन येथें राहणारे सलमान खान दूरच्या न्यू ऑर्लिन्स शहरांतील आपल्या नात्यांतील एका लहान बहिणीला दूरध्वनि व संगणक यांच्या साहाय्यानें गणित शिकवूं लागले. आणखी नातेवाईक मुलें आलीं, वेळ पुरेना, म्हणून २००६ पासून त्यांनीं धडे चित्रफितींच्या रूपानें ठेवले. २००८ मध्यें संस्था स्थापन झाली आणि ते धडे जगभर गेले. त्यांचें मोल निर्विवाद आहे. पण पहिल्या मुलीला जें मिळालें तें पुढच्या कोट्यवधि मुलांना मिळालें नाहीं: ती अडखळली तर बोलणारा थांबत होता. आतां चूक दाखविणारीं, किंबहुना प्रश्नांना उत्तरें देणारीं यंत्रेंहि आलीं आहेत, आणि हिशेब कोठें चुकला हें तीं पुष्कळदां बिनचूक सांगतात. तथापि आपलें लिहिणें एक माणूस वाचणार आहे, या जाणिवेनें मूल ज्या काळजीनें लिहितें, ती काळजी यंत्रापुढें उत्पन्न होते असें लेखकाला आपल्या वर्गांतील तरुणांवरून तरी वाटत नाहीं.

आपल्याकडील साधनांचीहि गणती करावी. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आंतरजालावर विनामूल्य आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचतां येतो. २०१७ पासून ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ हे केंद्रसरकारचे मंच चालू आहेत. पुण्यांत काम केलेल्या अरविंद गुप्तांनीं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारीं खेळणीं आणि हजारों पुस्तकें सर्वांस खुलीं करून दिलीं आहेत. परीक्षेची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमुळें झाली: १९७९ च्या एका लहान प्रयोगांतून ती वाढली, १९८९ मध्यें स्वतंत्र झाली, आणि वयाची चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलाला तिच्या माध्यमिक परीक्षेसाठीं नांव नोंदवितां येतें. ‘स्वशिक्षण’ या नांवाची पालकांची एक संघटनाहि आहे. कायद्याची स्थिति मात्र निःसंदिग्ध नाहीं. २००९ चा कायदा मुलाला शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य म्हणून सांगतो आणि गृहशिक्षणाचें नांवहि घेत नाहीं.

२०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद पडल्या आणि प्रत्येक घर सक्तीनें शाळा झालें, तेव्हां आपली परीक्षा झाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी चांगली मालिका झाली, मोबाइलवर धड्यांचा पूर आला. तरी एका मोबाइलवर तीन भावंडें आणि रोजगार गेलेला बाप अशा घरांत धडा पोंचूनहि शिक्षण पोंचलें नाहीं. कित्येक गांवांतील शिक्षक ओट्यावर, देवळांत, झाडाखालीं चार-चार मुलें जमवून वह्या पाहत होते. त्या ओट्यांवर जें घडलें तें मेसनबाईंना तत्काळ ओळखूं आलें असतें.

यावरून घरीं शिकविणाऱ्यांना आधार द्यावयाचा तर काय करावें, हें बरेंचसें आपोआप ठरतें. पालकांनीं प्रत्येक विषयाला एक पुस्तक आणि फार तर एक आंतरजालस्थळ ठरवावें व वर्षभर त्याला चिकटून राहावें. अर्धवट चाळलेल्या वीस स्थळांपेक्षां तें हितकर. मुलाच्या रोजच्या कामाची नोंद ठेवावी. आणि समाजानें, विशेषतः तालुक्याच्या वाचनालयांनीं, महाविद्यालयांनीं आणि निवृत्त शिक्षकांनीं, महिन्यांतून एकदां वही वाचून चार ओळी लिहून देण्याचें काम पत्करावें. याला इमारत लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं, अशा आधारानें शाळेची वाट सोडण्यास उत्तेजन मिळेल आणि ‘घरीं शिकते आहे’ या शब्दांआड एखाद्या मुलीला चुलीपाशीं बसविलें जाईल. हा आक्षेप पोकळ नाहीं. रमाबाईंच्या महाराष्ट्राला तो सुचलाच पाहिजे. पण त्याचें उत्तरहि त्याच वहींत आहे. जी मुलगी दर महिन्याला घराबाहेरच्या एका माणसाच्या वाचनांत येते, तिला दडविणें अवघड होतें. कोऱ्या वहीवरून जें कळावयाचें तें कळतेंच. आईला सोबत आणि मुलीला राखण, हीं दोन्ही कामें तो दूरचा वाचक करतो. आणि जें कुटुंब अशा वाचकाला उंबऱ्याशींच अडवितें, त्याच्याविषयीं शंका घेण्यास समाज मोकळा आहे.

त्या तीन वह्या लेखकानें अखेर वाचल्या. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर मुलीनें दीड पान लिहिलें होतें आणि शेवटीं विचारलें होतें, ‘पेटाऱ्यांतल्या मिठाईचं काय झालं?’ वडिलांनीं त्या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढून ‘विषयांतर’ असा शेरा मारला होता. लेखकानें त्याखालीं लिहिलें, ‘पहारेकऱ्यांनीं रोजचे पेटारे उघडून पाहणें कां सोडलें असेल, असें तुला वाटतें?’ पुढच्या महिन्यांत वही परत आली. उत्तराला दोन पानें लागलीं होतीं, आणि खालीं आणखी दोन प्रश्न होते.